रुईत उघडायचा नाही असा कॅमेरा

चाळिशीनंतर माझा उजवा खांदा दुखायला लागला, म्हणून मी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला हलका कॅमेरा घेतला. त्याआधी अठरा वर्षं आरशाचा जड कॅमेरा गळ्यात अडकवून वर्धा जिल्ह्यातली लग्नं, साखरपुडे, बारशी काढली. नालवाडीत माझा छोटा स्टुडिओ आहे. नवरी तयार होते त्या खोलीत बाई फोटोग्राफर असली की घरच्यांना बरं वाटतं, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही.

नवा कॅमेरा घेताना दुकानदाराने एक गुळगुळीत पत्रक हातात दिलं. कंपनीच्या बाजारात असलेल्या लेन्स त्यावर रंगीत छापल्या होत्या, आणि पुढे येणाऱ्या लेन्सच्या नुसत्या करड्या आकृत्या होत्या. त्यातल्या एका आकृतीवर माझं बोट थांबलं. अख्ख्या खोलीपासून एका चेहऱ्यापर्यंत सगळं एकाच लेन्समध्ये, वजनाला हलकी, आत धूळ न जाऊ देणारी.

"ही येणार आहे ना नक्की?" मी विचारलं.

"छापलंय म्हणजे येणारच, ताई."

त्या करड्या आकृतीच्या भरवशावर मी जुना कॅमेरा लेन्ससकट विकून टाकला. ती येईपर्यंत दोन लेन्सवर भागवायचं ठरवलं. एक खोलीसाठी, एक चेहऱ्यांसाठी. दोन वर्षं भागवलं.

मग एकदा हिंगणघाटला एका लग्नाचा अल्बम द्यायला गेले. नवरीची आई जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, कामाला होती. साठीला आलेली, सडपातळ बाई. तिने अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आणि मिटला.

"चांगले काढले तुमी," ती म्हणाली. "पण ताई, त्या दिवशी मी नुसती बसूनच होती. हे काय माहं रोजचं हाये का? मले कामावरचा फोटो पाह्यजे. मशीनवरचा."

"आत्ताच का?"

"पुढच्या हंगामात आमची लाइन राहत नाई. सेठजी पट्टा बसवून राह्यले. कापूस आपोआप पडन मशीनीत."

तीस वर्षं ही बाई रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या मशीनच्या, रांगेत उभी राहून कापूस लावत आली होती. इतक्या वर्षांत तिचा तिथला एकही फोटो नव्हता. मी हो म्हटलं. जिनिंगच्या मालकांनीही हरकत घेतली नाही. "काढा ना ताई," ते म्हणाले, "फक्त मशीन बंद होनार नाई."

आत गेल्यावर पाच मिनिटांत माझ्या पापण्या पांढऱ्या झाल्या. जिनिंगच्या हवेत रुईचे तंतू कायम तरंगत असतात. ते बसत नाहीत, पडत नाहीत, दिसेल त्याला चिकटतात. आधी मी रुंद लेन्सने रांग काढून पाहिली, पण सगळ्या बायका पाठमोऱ्याच येत होत्या. मग चेहऱ्यासाठी लेन्स बदलायची वेळ आली, आणि मला भीती वाटली. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स काढली तरी आत आरसा आणि पडदा असायचा. या कॅमेऱ्याची लेन्स काढली की सेन्सर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो तो भाग, सरळ उघडा पडतो. मी बाहेर आवारात गेले, रुईच्या बांधलेल्या गठाणींच्या आड वाऱ्याकडे पाठ करून बसले, कॅमेरा ओढणीखाली घेतला आणि लेन्स बदलली. चेहरे काढून झाल्यावर पुन्हा तसंच करून रुंद लेन्स लावली, कारण तोवर रांगेतल्या सगळ्या अकरा बायका आपापल्या मशीनपाशी पदर सारखे करून उभ्या राहिल्या होत्या. कोणी हसत नव्हतं. फोटोत हसायचं असतं असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

घरी येऊन संगणकावर पाहिलं. लेन्स पहिल्यांदा बदलल्यापासूनच्या प्रत्येक फोटोत एक काळपट, केसासारखी वळलेली रेघ. त्या बाईच्या चेहऱ्यावर ती भुवईपासून गालापर्यंत उतरत होती. मी पुसायला बसले. पण तिच्या भुवईवर, केसांत, ओठांवर खरी रुईसुद्धा होती. आजूबाजूचं पुसता पुसता मी तिच्या भुवईवरचे तंतूही घालवत चालले आणि चेहरा पावडर लावलेल्या नवरीसारखा दिसायला लागला. मी संगणक बंद केला.

कॅमेरा साफ करायला नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या माणसाने भिंगातून आत पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडम, हा कुठे उघडला होता?"

"जिनिंगच्या आवारात."

"अशा जागी उघडायचा नसतो. हा कॅमेरा त्यासाठी नाही."

त्याच्या डोक्यामागे भल्यामोठ्या पोस्टरवर तोच कॅमेरा होता, बर्फात अर्धा गाडलेला. शेजारच्या पोस्टरवर वाळवंट होतं.

"बर्फात चालतो, वाळूत चालतो," मी म्हटलं, "आणि कापसात चालत नाही?"

"ते कंपनीचं आहे," तो म्हणाला आणि पावती फाडायला लागला. त्याचा तरी काय दोष? पण माझ्या डोक्यात तेव्हा जी ठिणगी पडली ती आजही विझलेली नाही. ज्या जिल्ह्यात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रस्त्याकडेच्या बाभळींवरही कापूस लटकलेला असतो, तिथे कॅमेरा विकायचा आणि वर सांगायचं, इथे उघडू नका.

पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने नागपूरच्या एका हॉटेलात फोटोग्राफरांना बोलावलं. तुम्हाला भविष्यात कोणत्या लेन्स हव्यात ते सांगा, असं निमंत्रण होतं. मी गेले. सत्तरेक माणसं असतील, बायका आम्ही तिघी. प्रत्येकाला एक कागद दिला. माझ्या डावीकडच्या गृहस्थांनी वाघासाठी लिहिलं, अर्ध्या किलोमीटरवरून मिश्या मोजता येतील अशी लेन्स. उजवीकडच्या तरुणाला पाठीमागचं सगळं लोण्यासारखं विरघळवणारी हवी होती. मागावं ज्याने त्याने. मी लिहिलं, "खोली आणि चेहरा एकाच लेन्समध्ये. हलकी. धूळ आणि रुई आत न जाऊ देणारी. कामाच्या जागी लेन्स बदलावी लागू नये."

कंपनीचा माणूस मंचावरून कागद वाचत होता. वाघाला टाळ्या पडल्या. माझा कागद वाचताना तो थांबला.

"रुई? म्हणजे कॉटन?" तो हसला, आणि त्याच्याबरोबर अर्धा हॉल हसला. "यासाठी कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी लेन्स आहे की."

मी उभी राहिले.

"ती अंधाऱ्या शेडमध्ये चालत नाही, आणि तिच्यात धूळ जाते. मी म्हणतेय ती तुमच्याच पत्रकावर होती, दोन वर्षांपूर्वी. ती कुठे गेली?"

"मॅडम, प्लॅन बदलत असतात. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं." मग जरा मऊ आवाजात, "तुम्ही हौस म्हणून करता का फोटोग्राफी?"

"वीस वर्षं पोट भरते यावर."

"छान. पण ज्या लेन्सला मार्केट आहे तीच कंपनी बनवते."

"आणि मार्केट कोण ठरवतं? आत्ता हसले ते?"

त्याने पुढचा कागद उचलला. मी जेवणासाठी थांबले नाही. वर्ध्याला परतताना गाडीत मला रडू आलं. रागाने येतं तसलं.

महिनाभराने कंपनीच्या नव्या लेन्सची यादी आली. वाघाच्या दोन होत्या. एकेकीचं वजन माझ्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त. मी लांबलचक ईमेल लिहिला. उत्तर आलं की, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मी पुन्हा हिंगणघाटला गेले. या वेळी एकच छोटी लेन्स, जिच्यात झूम वगैरे काही नाही. घरूनच लावून नेली आणि जोडावर वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली. चेहरा हवा तर मीच पुढे सरकायचं, रांग हवी तर मागे. मागे सरकायला मात्र जागाच नव्हती, पाठीला भिंत लागत होती. शिवाय हंगाम संपत आल्याने अर्धी रांग तोवर उचललीही गेली होती.

"आज लय जवळ येऊन राह्यल्या ताई," नवरीची आई म्हणाली.

"लेन्स तसली आहे."

"मंग या ना. मी काय भिऊन राह्यली?"

तो फोटो चांगला आला. हात कापसात, नजर मशीनवर, भुवया पांढऱ्या. मी मोठा प्रिंट काढून नेला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"हे मीच हावो," ती म्हणाली. मग प्रिंट उलटून मागे पाहिलं. "बाकीच्या बाया कुठी हायेत?"

मी सगळं सांगितलं. रांगेचा फोटो खराब झाला, त्यावर डाग आहे, पुन्हा काढायला आता रांग उरली नाही.

"डाग किती मोठा हाये?"

"बारीक रेघ आहे. पण तुमच्याच तोंडावरून जाते."

"जाऊ द्या. तोच द्या. त्यात आमी साऱ्या हावो."

त्या फोटोचे मी अकरा प्रिंट काढले, रेघेसकट. बायकांनी जिनिंगच्या फाटकाशी उभं राहून ते पाहिले, एकमेकींना बोटाने दाखवले, आणि रेघेबद्दल एकीनेही विचारलं नाही. त्यांना ते चाललं. मला नाही चाललं. अकरा बायकांची ती रांग फक्त एकदाच उभी राहिली, आणि माझ्याकडे तेव्हा चांगलं हत्यार नव्हतं. ते बनवता येत नव्हतं असं नाही. ते बनवायचं नाही हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी एकानेही जिनिंगमध्ये पाऊल ठेवलं नसेल.