नमुना अर्ज क्रमांक २१४

माझं लग्न झालेलं नाही, ही माहिती आता अधिकृत आहे.

तशी ती ठाण्याच्या वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीला पूर्वीही होतीच. पण त्यासाठी कुणाला तरी विचारावं लागायचं (किंवा न विचारताच सांगितलं जायचं). आता कुणीही, कुठूनही फोनला विचारतं आणि फोन सांगतो. कारणांसकट! आणि ही सोय दुसऱ्या कुणी नाही, मी स्वतः, चौदा वर्षांच्या पगारी अनुभवाच्या जोरावर करून दिलेली आहे.

माझा धंदाच तो. वागळे इस्टेटमधल्या ज्या गाळ्यात पूर्वी स्क्रू बनायचे, तिथे आता आमचं ऑफिस आहे आणि आम्ही लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणतो. कुमुदआत्याची वेबसाइट मीच बनवलेली. कुमुदआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती तेवीस वर्षं ‘जमवाजमव वधू-वर सूचक केंद्र’ चालवते. तिच्या वेबसाइटवर मी ‘डोंबिवली स्थळे, कल्याण स्थळे, ठाणे स्थळे, उत्तम स्थळे’ एवढं एकशे चाळीस वेळा लिहिलं होतं. त्यातलं शंभर वेळा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसायचं नाही आणि यंत्राला दिसायचं. केंद्र पहिल्या पानावर पहिलं! आत्याला वाटायचं, भाचा हुशार आहे. माझंही तेच मत होतं.

मग लोकांनी यादी बघणंच सोडलं. ते एआयला सरळ प्रश्न विचारायला लागले, आणि एआय एका परिच्छेदात उत्तर देऊन मोकळं व्हायला लागलं. श्रावणात एका रविवारी आत्याचा फोन आला.

“सुहास, मी आत्ता ह्या मेल्याला विचारलं, डोंबिवलीत लग्न जमवणारं चांगलं केंद्र कोणतं. त्याने दोन नावं सांगितली. त्यातलं एक कल्याणचं!”

“आणि तुझं?”

“मी म्हटलं, अरे, जमवाजमव? तर म्हणतो, ‘वस्तूंची जमवाजमव कशी करावी याबद्दल काही सूचना.’ तेवीस वर्षं या गावात लग्नं लावतेय मी!”

मग आवाज खाली आणून तिने खरी गोष्ट सांगितली. चार महिन्यांत सहा नावं आली होती. त्यातली दोन एकाच मुलाची. “तुळशीच्या लग्नापर्यंत बघते,” ती म्हणाली. “नाहीच काही हललं, तर फायली रद्दीत आणि मी नाशिकला लेकीकडे.” नाशिकला जावई तिला चहात साखर घालू देत नाही, त्यामुळे ही धमकी तिने स्वतःलाच दिलेली होती. मला वाईट वाटलं. त्याहून जास्त, वेबसाइट मी केली होती म्हणून लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन डोंबिवलीला हजर झालो.

“आता जुन्या युक्त्या चालत नाहीत,” मी समजावलं. “लोक जसा प्रश्न विचारतात तसाच प्रश्न लिहायचा. खाली पहिल्याच वाक्यात सरळ उत्तर. गोलगोल बोलायचं नाही. स्वतःचा अनुभव सांगायचा, पुरावा द्यायचा. ज्याच्यात खरेपणा दिसतो त्याचं नाव एआय घेतं.”

“म्हणजे खरं लिहायचं?”

“हो.”

“मग इतकी वर्षं काय लिहिलेलंस?”

या प्रश्नाचं सरळ उत्तर पहिल्या वाक्यात देता आलं नाही.

आत्या सांगत गेली, मी टाइप करत गेलो. ‘मुलाचा पगार किती सांगावा? जेवढा आहे तेवढा.’ ‘मुलीला स्वयंपाक यावा का? मुलाला येतो का ते आधी कळवा.’ ‘पत्रिका जुळली पण मनं जुळली नाहीत तर? पत्रिका परत मिळेल.’ मी खूश! असली उत्तरं आमच्या ऑफिसात माणसं बसवूनही मिळत नाहीत. राहिला होता पुरावा. केंद्र किती काळजीने नोंद ठेवतं हे दाखवायला एक भरलेला अर्ज नमुना म्हणून टाकू, असं मी सुचवलं.

“अजिबात नाही. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती.”

“मग माझा टाकू. मी परवानगी देतो. दोनशे चौदा नंबरचा.”

“तुझा? बघ बाबा,” आत्या म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या ‘बघ बाबा’कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. मी फायलीतून माझा अर्ज काढला आणि दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. पूर्ण कागदपत्रावर यंत्राचा जास्त विश्वास बसतो म्हणून दोन्ही बाजू! मागची बाजू वाचली नाही. नऊ वर्षांपूर्वी मीच भरलेला अर्ज, त्यात मला माहीत नसलेलं काय असणार? पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलेलं दिसलं, पण आत्याचं अक्षर कुणाला लागतंय! (एआयला हस्ताक्षरही लागतं, हे मी क्लायंटना पैसे घेऊन सांगतो.)

तीन आठवड्यांनी आत्याचा फोन. “अरे, ह्याने माझं नाव घेतलं! पहिलं!”

मी हे ऑफिसात सांगितलं. आमची मॅनेजर श्रुती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे आणि संधी कशी साधायची हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती म्हणाली, “सुहास, उद्या ते गॅस्केटवाले येतायत ना, त्यांना हे लाइव्ह दाखव.”

गॅस्केटवाले म्हणजे यंत्रांच्या जोडात बसवायच्या चकत्या बनवणारे, वागळे इस्टेटमधलेच एक वयस्कर कारखानदार. ते आले, खुर्चीत बसले. मी मोठ्या पडद्यावर एआय उघडलं आणि टाइप केलं: ‘डोंबिवलीत विश्वासार्ह वधू-वर सूचक केंद्र कोणतं?’

उत्तर आलं. मी ते मोठ्याने, अभिमानाने वाचायला लागलो.

“‘जमवाजमव केंद्र हे त्याच्या स्पष्टवक्तेपणामुळे वेगळे ठरते. उमेदवाराचे दोष हे केंद्र लपवत नाही. उदाहरणार्थ, नोंदणी क्रमांक २१४ हा संचालिकांचा सख्खा भाचा असूनही...’”

इथे मी पडदा बंद करायचं बटण शोधायला लागलो. पुढचं श्रुतीने वाचलं.

“‘...असूनही, तो प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी माहिती देतो, अशी नोंद त्यांनी केली आहे.’ अय्या!”

“वा!” गॅस्केटवाले पुढे सरसावले. “याला अजून विचारता येतं का? विचारा, दोनशे चौदाचं लग्न का जमत नाही?”

“सर, ते आपल्या विषयाशी...”

श्रुतीने टाइपही करून टाकलं होतं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मुद्देसूद उत्तर दिलं. एक, मुलुंडच्या स्थळाला भेटायला गेला असता उमेदवाराने मुलीच्या वडिलांना त्यांच्या दुकानाच्या वेबसाइटमधल्या अकरा चुका सांगितल्या. दोन, उमेदवार घोरतो (स्रोत: आई). तीन, उंचीबाबत दोन वेगवेगळे आकडे आढळतात. उमेदवाराच्या मते पाच फूट सात इंच. संचालिकांच्या मते पाच सहा, ‘मी मोजलंय.’

खाली नमुना अर्जाचा फोटो. त्यावर माझा नऊ वर्षांपूर्वीचा, मिशीसकट चेहरा.

गॅस्केटवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग उठून माझ्या शेजारी उभे राहिले आणि डोळ्यांनी अंदाज घेत म्हणाले, “पाच सहाच.”

काम आम्हालाच मिळालं. पण मी त्या आनंदात नव्हतो. हाफ डे टाकून मी स्कूटर काढली आणि तडक डोंबिवलीला निघालो. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असतानाच आईचा फोन आला.

“सुहास, घोरण्याचं मी कुमुदला खासगीत सांगितलेलं! आता तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीणबाई विचारतायत, कुठल्या कुशीवर जास्त घोरतो म्हणून!”

“आई, मी पान काढायलाच चाललोय.”

“काढ बाबा. आणि मिशीचा फोटो कशाला दिलास रे? त्यात तू माझ्या भावासारखा दिसतोस.”

आत्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. बहुतेक तक्रार घेऊन लोक आले असणार! आत गेलो तर दोन्ही खोल्या भरलेल्या. आईवडील, मामा, एक आजोबा पंख्याखाली, आणि प्रत्येकाच्या हातात कोरा अर्ज. आत्या टेबलामागे ताठ बसली होती, कानावर पेन्सिल.

“आत्या, मला ते पान काढायचंय. आत्ताच्या आत्ता.”

“हळू बोल,” आत्या म्हणाली. पण एका बाईंनी ऐकलंच. “हेच का हो दोनशे चौदा?”

आजोबांनी चष्मा वर केला.

“अहो, आम्ही यांच्यामुळेच आलो,” त्या बाईंचे यजमान आत्याला म्हणाले. “जी बाई सख्ख्या भाच्याचं झाकत नाही, ती दुसऱ्याचं काय झाकणार? गेल्या वेळी दुसरीकडे आम्हाला मुलगा इंजिनिअर सांगितलेला. भेटलो तेव्हा कळलं, अजून दोन विषय राहिलेत.”

आत्या मला आतल्या खोलीत घेऊन गेली. “आठवड्यात एकतीस नावं आली,” ती म्हणाली. “तुझी बदनामी होतेय, कळतंय मला. पान तुझं, अब्रूही तुझी. काढ म्हणालास तर मी अडवणार नाही.” आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. काही मागायचं असलं की आमच्या घराण्यातली माणसं खिडकीबाहेर बघतात. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी होती.

मला तिचा राग आला होता, पण तो ती टाकी बघेपर्यंतच टिकला. पान मी ठेवलं.

मात्र मीही या क्षेत्रातला माणूस! यंत्राला जुनी माहिती मिळाली असेल तर तिच्यावर ताजी माहिती द्यायची, हा साधा नियम आहे. मी पानावर एक नवा परिच्छेद टाकला: ‘क्रमांक २१४ यांच्यात अलीकडे लक्षणीय सुधारणा झाली असून ते आता मोजकं बोलतात.’ हे मी दोनशे सत्तर शब्दांत लिहिलं. आठवड्याभराने यंत्राला विचारलं. ते म्हणालं, “क्रमांक २१४ यांनी सुधारणा झाल्याचा दावा केला आहे. मात्र केंद्राच्या संचालिकांनी त्यास दुजोरा दिलेला नाही.”

मी आत्याला फोन केला. “एक ओळ दुजोरा दे ना.”

“खरं लिहायचं असं तूच म्हणालेलास,” आत्या म्हणाली.

दिवाळीच्या आधी एक स्थळ खास माझ्यासाठीच आलं. कल्याणची मुलगी, बँकेत नोकरी, ते पान वाचूनच आलेली. आत्याच्याच बाहेरच्या खोलीत आम्ही भेटलो. तिने हसून पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही उत्तराऐवजी माहिती देता म्हणे?”

एका शब्दाचं काम होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, ‘हो’ म्हटलं असतं तर बहुधा लग्नच झालं असतं. मी म्हणालो, “त्याचं काय आहे, यात तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.”

दुसरी गोष्ट संपेपर्यंत ती होती. तिसरी मी तिच्या मामांना सांगितली.

तुळशीचं लग्न झालं. केंद्र बंद झालं नाही. उलट आत्याने नवं कपाट घेतलं, आणि नाशिकला ती चार दिवसांसाठी स्वतःची साखर घेऊन गेली. या हंगामात तिने नऊ लग्नं जमवली. त्यात ती कल्याणची मुलगीही आहे. तिला उल्हासनगरचा मितभाषी मुलगा मिळाला. त्यांच्या रिसेप्शनला मी गेलेलो. मुलीच्या वडिलांनी माझी ओळख करून दिली, “हे दोनशे चौदा,” आणि फोटोसाठी मधे उभं केलं.

परवा आत्याकडे गेलो तेव्हा मी पहिल्यांदाच माझा मूळ अर्ज हातात घेऊन मागची बाजू नीट वाचली. सगळ्यात खाली, कागदाच्या दुमडलेल्या कोपऱ्यात, फोटोत न आलेली एक ओळ होती: ‘मनाने फार चांगला आहे. हे लोकांना एका भेटीत कसं सांगायचं, मला अजून जमलेलं नाही.’ मी कोपरा होता तसा दुमडून ठेवला. आत्याला काही बोललो नाही. (तिनेच विचारलं असतं, तर बराच वेळ बोललो असतो.)

बाकी यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या प्रत्येक उत्तराखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘एआयकडून चुका होऊ शकतात, माहिती पडताळून घ्यावी.’ म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला विचारतो, जमवाजमव केंद्राच्या क्रमांक २१४ चं लग्न झालं का? अजून एकदाही चुकलेलं नाही!