उलट्या टोकाकडून कुरुक्षेत्र

चेन्दा अंगकोरच्या मोठ्या देवळात एकोणीस वर्षं झाडलोट करत होती. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिथं जुन्या झाडणाऱ्या यिम मावशीनं तिला सांगून टाकलं होतं, "वारा तळ्याकडून, दक्षिणेकडून येतो. त्याला पाठ देऊन झाड, नाहीतर जन्मभर तोच पाचोळा उचलत बसशील." म्हणून पश्चिमेच्या ओवरीत सगळ्या झाडणाऱ्या बायका दक्षिणेच्या कोपऱ्यापासून निघायच्या आणि दाराकडे यायच्या. वाटाडे पाहुण्यांना घेऊन दारातून निघायचे आणि समोरून यायचे. त्यांचं बोलणं कानावर पडून पडून भिंतीवर कोरलेलं कुरुक्षेत्राचं सगळं युद्ध चेन्दाला पाठ झालं, इंग्रजीसकट.

एकदा वुथी नावाच्या वाटाड्यानं रथावरच्या सारथ्याला भीम करून टाकलं. चेन्दाला राहवलं नाही. खाली मान घालूनच ती म्हणाली, "दादा, तो कृष्ण आहे. हात मोजा, चार आहेत."

"ताई, तुम्ही पाचोळा मोजा," वुथी म्हणाला. पाहुण्यांना कळलं काहीच नाही, पण सगळे हसले.

ते तिला झोंबलं. चांगलंच झोंबलं. त्रेचाळिसाव्या वर्षी या बाईनं वाटाड्याच्या परीक्षेची पुस्तकं आणली. नवरा म्हणाला, "म्हातारपणी शिंगं फुटली का तुला?" "फुटली," ती म्हणाली, "जरा लांब बस." तीन वर्षं माशाची पेज ढवळता ढवळता तिनं राजांच्या सनावळ्या घोकल्या. लेखी परीक्षेत पास झाली. आता एकच राहिलं होतं. परीक्षकालाच पाहुणा समजून देऊळ दाखवायचं. त्यात पास झाली की वाटाड्याचा बिल्ला मिळणार, नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

परीक्षक सारिन साहेब वेळेवर आले. टोपी काढली आणि म्हणाले, "समजा, मी सुट्टीवर आलेला परदेशी माणूस. चला, दाखवा."

चेन्दा पुढं झाली. तोंडानं स्वागताची वाक्यं बिनचूक चालली होती, पण पायांनी आपला दगा दिला. ते थेट दक्षिणेच्या कोपऱ्यात जाऊन थांबले, एकोणीस वर्षं थांबत होते तिथंच. तिच्या ते लक्षातही आलं नाही. साहेब मागून आले.

"बाई, समुद्र सोडून, मऊ वाळू सोडून मी माझी सुट्टी या दगडांत का घालवावी?" त्यांनी विचारलं.

पुस्तकातली दहा कारणं तिच्या जिभेवर होती. सर्वांत मोठं, सर्वांत जुनं, अमुक इतके खांब. पण त्या विचारण्यातला खोचकपणा तिला लागला.

"समुद्रावर जा की, कोण अडवतंय? तिथं तुम्ही पडून राहाल. इथं माणसं भेटतील. हे शिपाई बघा. हीच नाकं, हेच ओठ घेऊन बाजारात बायका मासे विकतायत. आधी इथं बघा, मग त्यांना बघा. लढाईत माणसं कशी संपतात ते आम्हांला कुणी वाचून दाखवावं लागत नाही, साहेब. माझे दोन मामा गेले, हाडंसुद्धा मिळाली नाहीत. तरी पितरांच्या दिवसांत आई पहाटे उठून त्यांच्या नावानं भाताचे गोळे टाकते. गेलेल्यांना अजून जेवायला बोलावतात असं घर बघायला यावं माणसानं."

बोलत बोलत ती पुढं निघाली. पांडवांचं सैन्य, मग झोंबाझोंबी, मोडलेले रथ, मग कौरवांची रांग. आणि सगळ्यांत शेवटी, बाणांवर पडलेला म्हातारा भीष्म.

साहेबांनी भीष्मापासून मागं कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "तुम्ही उलट आलात."

चेन्दानं दाराकडे बघितलं तेव्हा कुठं तिला कळलं, आपण झाडायच्या वाटेनं आलो.

"सगळे वाटाडे या भीष्मापासून सुरुवात करतात," साहेब म्हणाले. "नियमही तोच आहे."

"पण साहेब, लढाई व्हायच्या आधीच म्हातारा पडलेला कसा? माझ्या बाजूनं आलं की आधी लढाई आणि मग हा."

"पंचवीस वर्षं हे देऊळ दाखवतोय. मला असं कधी दिसलं नव्हतं," साहेब हळूच म्हणाले. मग त्यांनी कागद काढला आणि लिहिलं: नापास. क्रम चुकला. "मला दुसरं काही लिहिता येत नाही, चेन्दाताई. पुढची परीक्षा आठ महिन्यांनी."

ती रडली, खोटं कशाला सांगू. तळ्याच्या काठी बसून डोळे सुजेपर्यंत रडली. मग चौकड्यांच्या पंच्यानं तोंड पुसलं, कचेरीत गेली आणि नवा अर्ज भरून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारापासून झाडायला घेतलं. वारा तोंडावर, पाचोळा उलटून तिच्याच पायांत. यिम मावशी कोपऱ्यातून ओरडली, "अगं, डोकं फिरलं का तुझं? दुप्पट काम होईल."

"होऊ दे. पायांना वळण लावतेय. आठ महिने वाटाड्यांच्या बाजूनं चालेन, त्यांच्या बाजूनं बोलेन. एकदा बिल्ला हातात पडू दे, मावशी, मग लोकांना कुठल्या टोकाकडून न्यायचं ते मी ठरवीन."