कपाटाऐवजी ग्राफिक्स कार्ड

आमच्याकडे लेकीला लग्नात कपाट देतात. लोखंडी, तीन खणांचं, आरशाच्या कडेला मोर काढलेलं. मला ते नको होतं. त्याऐवजी ग्राफिक्स कार्ड द्या, असं मी जेवताना सांगितलं तेव्हा आत्याचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "त्याला कुलूप तरी बसतंय का?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घरात लग्नकार्य निघालं की ती पंधरा दिवस आधी येते आणि सगळ्यांना कामाला लावते. तिला मी समजावून सांगितलं की कॉम्प्युटरवर खेळताना चित्र अडखळू नये म्हणून आत एक विटेएवढी वस्तू बसवतात, तिला गार ठेवायला बारके पंखे असतात, तेच कार्ड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बाबांकडे बघून निकाल दिला, "पोरगी शिकून वाया गेली."

मला राग येतो तो याच गोष्टीचा. जवळा बाजारच्या जवळ आमचं गाव. तिथे मी सहा वर्षं लोकांचे ऑनलाइन अर्ज भरले. पीकविमा, दाखले, पोलीस भरती, सगळं. अर्ध्या गावाचे अंगठे माझ्या टेबलावर उमटून गेले. त्याच कमाईतून कॉम्प्युटर घेतला, आणि गिऱ्हाईक नसलं की त्याच्यावर मोटारींच्या शर्यती खेळले. अर्ज भरताना मी गावाची मॅडम असायचे, आणि खेळताना कुणी पाहिलं की, "काय टाइमपास करून राहिली ही." तुमच्या अर्जांतल्या चुका निस्तरून दमले, आता घटकाभर खेळू द्या, असं मी मनातल्या मनात म्हणायचे.

मग लग्न ठरलं. नवरा संभाजीनगरला कंपनीत, एका खोलीत राहणारा. त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं की कॉम्प्युटर खुशाल आण, मॉनिटर आणू नको, माझा टीव्ही आहे. सासूबाईंनी निरोप धाडला की कपाट नकोच, ते ठेवलं तर खोलीचं दार उघडणार नाही. आणि जीपमध्ये दाटी होणार, तेव्हा नवरीच्या मांडीवर मावेल तेवढंच सामान सोबत घ्या. म्हणून मी कॉम्प्युटरचा मोठा डबा, म्हणजे कॅबिनेट, विकून लहान डबा घेतला. आता त्यात मावेल असं, लांबीला आखूड आणि मधल्या प्रतीचं कार्ड पाहिजे होतं.

मागाहून नेलं असतं तर काय बिघडलं असतं, असं कुणालाही वाटेल. पण आमच्या घरात मागाहून म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आईची शिलाई मशीन. तिच्या लग्नात गाडीत जागा नव्हती, तेव्हा पुढच्या खेपेला नेऊ म्हणाले. ती खेप सत्तावीस वर्षांत आली नाही. मशीन मामाच्या पडवीत आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. आई त्याबद्दल कधी बोलत नाही, पण माहेरी गेली की आधी मशीन पुसते आणि मग पाणी पिते. हे बघत मी मोठी झाले. माझा कॉम्प्युटर चालू अवस्थेत, माझ्या मांडीवर, माझ्याबरोबरच जीपमधून जाणार, एवढं मी ठरवून टाकलं होतं. तो मागे राहिला तर त्याच्याबरोबर मीही थोडी मागे राहीन, अशी मला भीती वाटत होती.

कार्ड घ्यायचं ठरलं ते बस्त्याच्या दिवशी, हिंगोलीला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, आणि तिला आमच्याकडे एकटंदुकटं कुणी जात नाही. एका जीपमध्ये आम्ही अकरा जण. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, माझी वेणी अर्धी झालेली, आणि तेव्हा मला आठवलं की डब्यात किती लांबीचं कार्ड बसेल हे आपण मोजलंच नाही. घरातला टेप मांडववाल्यानं नेलेला. मी बाबांना कुठून कुठपर्यंत मोजायचं ते दाखवलं. त्यांनी चुलीजवळच्या सरपणातून एक सरळ तुराटी उपसली, डब्यात घालून बघितली, विळ्यानं छाटली आणि टॉवेलात गुंडाळून घेतली. आमच्या घरातली दारं, खाटा, गव्हाणी, सगळ्यांची मापं अशीच तुरीच्या काडीवरून सुताराकडे गेलेली. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कापडाचं दुपारपर्यंत आटोपलं. कॉम्प्युटरचं दुकान पलीकडच्या जिन्यानं वर होतं. मी आणि बाबा पटकन जाऊन येतो, असं मी म्हणून पाहिलं, पण बस्त्याला निघालेली माणसं वाटेत सुटत नसतात. अकराच्या अकरा जण वर आले. दारात चपला काढल्या. आत गादी नाही हे पाहून आत्यानं फरशीवरच बैठक मारली आणि बाकीचे तिच्या मागे ओळीनं बसले. दुकानदार तिशीचा, कानात इअरफोन घातलेला. त्यानं आधी त्या बैठकीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, कुछ रिपेअर का है?"

मी त्याला एका दमात सांगितलं की डबा लहान, पॉवर सप्लाय बेताचा, कार्ड मधल्या प्रतीचं आणि आखूड पाहिजे, फार तापणारं नको. त्यानं कानातला इअरफोन काढून खिशात ठेवला.

तीन खोकी समोर आली. एका पंख्याचं, दोन पंख्यांचं आणि तीन पंख्यांचं. आत्यानं तिन्ही कार्डं हातात धरून तोलून पाहिली. "एका पंख्यानं काय हुतंय," ती म्हणाली. "आमी उन्हाळ्यात चार लावून बसतो. तीनवालं बघ. ह्याच्यात मोरपंखी हाय का?"

"मावशी, याला लाईट आहे. पाहिजे तो रंग करता येतो," दुकानदार आदबीनं म्हणाला.

"म्हंजी रंग पक्का न्हाई," असं म्हणून आत्यानं ते बाजूला सारलं.

खरं शहाणपण एका पंख्याचं कार्ड घेण्यात होतं. ते कुठेही बसलं असतं. पण ते तापलं की घरघर करतं असं मी वाचलेलं, आणि एका खोलीच्या संसारात घरघर करणारा एकच जीव पुरे, असं माझं मत होतं. दोन पंख्यांचं कार्ड थंड आणि गप्प राहतं. बाबांनी टॉवेल सोडला आणि तुराटी त्याच्या कडेला लावली. टोकाला टोक. बाबा म्हणाले, "बराबर."

दुकानदारानं त्या काडीकडे बघितलं. "एकदा घरी पट्टीनं मोजून आला असता तर बरं होतं. विकलेला माल परत घेत नाही."

"मोजलंय," मी म्हणाले. अर्जात एक अंक चुकला तर माणसाला चार कोस माघारी पाठवणारी मी. त्या दिवशी मला ते कार्ड आवडलं होतं, म्हणून काडी खरी वाटली.

खरेदी झाली तरी आत्या उठेना. बस्ता झाला की दुकानदार घरातल्या थोरल्या बाईला एखादं लुगडं नाहीतर खण देतो, तो मान असतो. आत्या मानाची वाट बघत होती. मी दुकानदाराच्या कानात सांगितलं. तो बिचारा इकडेतिकडे शोधून शेवटी एक माऊसपॅड घेऊन आला. आत्यानं ते पदरात घेतलं, आणि आता ती त्याच्यावर गरम पातेलं उतरवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर डबा उघडला. कार्ड काही आत जाईना. सरळ घातलं, तिरकं घातलं, देवाचं नाव घेऊन घातलं. पुढच्या पत्र्याला अडत होतं, नेमकं दोन बोटं.

"बाबा, माप कसं घेतलं होतं?"

"जसं घेतेत तसंच. आतलं माप, अन् वर दोन बोटं."

"दोन बोटं काहून?"

"वर धरावीच लागतेत," बाबा शांतपणे म्हणाले. "कमी पडलं तर काय करतीस? जास्तीचं छाटता येतंय."

खाटेच्या लाकडाला सुतार रंधा मारतो. या कार्डाला कुणी रंधा मारायचा? मी बाबांवर ओरडले. मांडवातल्या माणसांसमोर नको ते बोलले, आणि ते काडी हातात धरून खाली मान घालून बसले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आत्या मध्ये पडली. "ऱ्हाऊ दे आता हितंच," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला नीट करून ने."

तेवढ्यात आई पिठाच्या हातानं बाहेर आली. लग्न ठरल्यापासून ती या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती. बाबांना म्हणाली, "जास्तीचं छाटता येतंय ना? मग डबा छाटा."

बाबा लोखंड कापायची करवत घेऊन आले. लोखंडाचा कण आत राहिला तर सगळंच जळेल, म्हणून मी डब्याच्या पोटातलं सगळं काढून आईच्या जुन्या लुगड्यावर मांडलं. लग्नघरी मांडवाखाली कॉम्प्युटर कापून राहिलेत, ही खबर गावभर गेली, आणि ज्यांचे अर्ज मी भरले होते ते सगळे बघायला आले. बाबांनी पुढच्या पत्र्याला खिडकी पाडली, कानशीनं कडा घासल्या, बोट फिरवून धार गेली का ते बघितलं. कार्ड बसलं. त्याचं टोक दोन बोटं बाहेर आलं, पण बसलं. मी शर्यत लावली, मोटार कुठे म्हणून अडखळली नाही. बाबा मागे उभं राहून बघत होते. मी वळणावर भिंतीवर आदळले तेव्हा म्हणाले, "म्हणून तुला मी स्कुटी देत न्हाई." मी हसले, आणि मग त्यांची माफी मागितली.

लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. माणसं दोन जीपची आणि जीप एकच. नवऱ्याचे मामा टपावर सामान बांधत सगळ्यांना ऐकवत होते, "डबाबिबा ऱ्हाऊ द्या हो, मागून बघू." मी एकेकाच्या गळ्यात पडत होते आणि मला रडू येत नव्हतं, कारण माझे डोळे डबा शोधत होते. तो ओसरीवर नव्हता, टपावर नव्हता. बाबांच्या गळ्यात पडले, आत्याच्या पडले. मग आईला शोधलं तर तीही नाही. नवरीची माय कुठं गेली म्हणून बायका चुलीपर्यंत बघून आल्या.

आई जीपमध्ये बसली होती. मधल्या बाकावर, खिडकीशी, माझ्या जागेवर. डबा लुगड्यात गुंडाळून मांडीवर घट्ट धरलेला. मामा तिला उतरा म्हणत होते, सासूबाईही म्हणत होत्या. ती कुणाकडे बघत नव्हती. मी दाराशी आल्यावर म्हणाली, "तू आधी बस. मग मी उतरते."

मी तिच्याशेजारी दाटीवाटीनं बसले. तिनं डबा माझ्या मांडीवर सरकवला, माझे दोन्ही हात धरून त्याच्याभोवती नीट ठेवले आणि उतरली. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. जीप निघाली. माझे दोन्ही हात डब्यात गुंतलेले, आणि तिच्या गळ्यात पडायचं राहूनच गेलं.