ब्रेक घट्ट होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – उद्या बेळगुंदीच्या स्टॉपवर गाठून "काय अण्णा, बरं हाय न्हवं?" असं विचारणार नाही.

आधी माझी ओळख करून घ्या, म्हणजे मला नावं ठेवायला सोपं जाईल. बेळगावात ऑफिसची नोकरी, इस्त्रीचा शर्ट, आणि घरात आपल्याशिवाय कुणाला अक्कल नाही असा पक्का समज. गॅरेजवाला सांगेल त्याला माना डोलावणारी आमची माणसं बघितली की माझं डोकं फिरायचं. आणि परशा, माझा धाकटा भाऊ? तो तर माझ्या लेखी शुद्ध बैल. रताळी मार्केटला नेणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर व्हायची त्याची इच्छा होती. लायसन नुकतंच हातात आलं होतं, एका टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं होतं. मी चारचौघांत म्हणायचो, याला सायकल नीट येत नाही, हा टेम्पो काय चालवणार. तो हसायचा. मला वाटायचं, त्याला अपमानही कळत नाही.

त्या वर्षी घरची गाडी ब्रेक दाबला की करकर वाजायला लागली. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले होते. पॅड मीच बदलणार, असं मी जाहीर केलं. मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस फार बडबड्या – शेवटी शेवटी तर उपदेशच करायला लागला. मी बंद केला. मला कुणी शिकवायचं म्हणजे काय?

खंडेनवमीच्या सकाळी चाकं काढली, जुने पॅड काढले. नवे जाड असतात, ते मावावेत म्हणून पॅडला पुढे रेटणारा ब्रेकचा पिस्टन पकडीनं मागे दाबला. पॅड बसवले, चाकं चढवली. हात मुद्दाम धुतले नाहीत. काळे हात घेऊन अंगणभर मिरवलो. किती किळसवाणा दिसत असेन तेव्हा.

खंडेनवमीला आमच्याकडे गाडीला हार घालतात, कोहळा फोडतात, चारी चाकांखाली लिंबं ठेवतात. मग घरातलं कुणीतरी गाडी हळूच पुढे घेऊन ती लिंबं चिरडतं. लायसन मिळालंय तर यंदा परशानं घ्यावी, असा आक्काचा हट्ट. आक्का आमची थोरली बहीण, संकेश्वरला दिलेली, सणाला आली होती. आरतीचं ताट घेऊन ती गाडीसमोर उभी राहिली. तिच्या मागे दगडी कट्टा. आमचं अंगण त्या बाजूला उतरतं.

लिंबं फुटली. गाडी थांबली नाही.

आक्काचा गुडघा बंपर आणि कट्ट्याच्या मध्ये सापडला. परशा आत बसून पेडलवर पाय आपटत होता – पुन्हा, पुन्हा – आणि ओरडत होता, "अण्णा, बिरेक लागलंच न्हाय!" मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं, स्वतः बसलो, गाडी मागे घेतली. आणि ब्रेक दाबला. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्यावर गेलं. दुसऱ्या दाबाला घट्ट.

तेव्हाच कळलं. अगदी तेव्हाच. मागे ढकललेला पिस्टन पुन्हा पॅडला टेकेपर्यंत पेडल दाबत राहायचं असतं, गाडी हलवण्याआधी. नाहीतर पहिल्यांदा पाय सरळ खाली जातो. तो बडबड्या शेवटी हेच सांगत असणार. ते काम परशानं केलं होतं, घाबरून पाय आपटता आपटता. आता ब्रेक उत्तम लागत होता.

मग मी काय केलं? आक्का विव्हळत होती, तिला उचलायचं सोडून मी आमच्या वडिलांना, आप्पांना, गाडीत बसवलं. दाबून बघा म्हटलं. घट्ट. शेजारचे आले, त्यांनीही दाबून बघितलं. घट्ट. सगळ्यांनी माना डोलावल्या – याच माना, ज्यांचा मला एवढा तिटकारा. शेवटी मी परशालाच बसवलं. त्यानं दाबलं. मग खाली वाकून बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. "ॲक्सिलेटर दाबलास रं, गाढवा," मी म्हणालो.

आक्काचा गुडघा आता वाकत नाही. पंगतीत सगळे खाली बसतात, ती खुर्चीवर. "पाय चुकला त्येचा, मन न्हाय," असं ती सगळ्यांना सांगते. टेम्पोवाल्याच्या कानावर गोष्ट गेली, त्यानं दुसरा माणूस बघितला. परशानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आणि मी? मी दर खंडेनवमीला गाडी लिंबांवरून नेतो. मोठ्या ऐटीत. समोर कुणी उभं राहत नाही.

पहिली काही वर्षं परशा मधूनच म्हणायचा, ब्रेक लागला नव्हता. कुणी ऐकायचं नाही. मी तर हसायचो. मग तो म्हणायचा थांबला.

यंदा माझा मुलगा गाडी शिकतोय. परवा अंगणात परशा त्याच्या खिडकीशी उभा होता. मी पुढच्या सोप्यात बसून ऐकत होतो. "पायाकडं ध्यान ठेव रं," तो सांगत होता. "माझा पाय त्या दिवशी ॲक्सिलेटरवर पडलता. मला वाटलं, बिरेकच दाबतोय."

ब्रेक लागला नव्हता, हे एके काळी आम्हा दोघांना माहीत होतं. आता ते एकट्या मला माहीत आहे.