सातवा खांब, आठवा खांब

ताडकळसच्या बाजारात शांतम्माच्या कापडदुकानासमोर आलं की माणूस आपोआप आवाज उतरवायचा. कापड फाडावं तसं ती बोलायची, सरळ आणि एका दमात. नवऱ्यामागं दुकान तिनंच राखलं. निजामी अमलातला शिपाईसुद्धा तिच्या ओट्यावर बसण्याआधी विचारायचा. फटकून ती सगळ्यांशीच वागे; पण वैर धरलं ते एकीशीच, धाकट्या जावेशी, महानंदाशी. आणि ते वैर तिनं दारातल्या बेलाला घालावं तसं रोज पाणी घालून वाढवलं.

वैर एका इवल्या देवळावरून. सासरे विरूपाक्षप्पा नाक्यावर मुन्शी होते. चारठाण्याचं जुनं देऊळ त्यांच्या डोळ्यांत असं भरलं की घरी येऊन त्यांनी सागवानात तसंच घडवलं, मांडीवर मावेल एवढं. खिळा नाही, सरस नाही. खांब, तुळया, शिखर, सगळं सुटं. एकाच्या टोकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसायचं. ओळखीला प्रत्येक तुकड्यावर उर्दू आकडा. घरात बाळ आलं की देऊळ जुळवायचं आणि त्याच्यापुढं, लिंगायतांच्या रिवाजानं, बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचं. देऊळ उभं राहिल्याशिवाय लिंग बांधलेलं पोर त्या घरात नव्हतं.

वाटण्या झाल्या तेव्हा देऊळही वाटलं गेलं, अर्धे तुकडे हिला, अर्धे तिला. दोघी समोरासमोर बसल्या होत्या. महानंदानं आपल्या वाट्याचा आठवा खांब पुढ्यात ठेवला आणि शांतम्मा कडाडली, "हा सातवा हाय! सातवा तर माझ्यापाशी हाय. खरा आठवा दडवलास, माझ्या घरी देऊळ उभं राहू नये म्हणून!"

"डोळे फुटले का अक्का तुमचे?" महानंदा म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नाही.

मग शांतम्माला नातू झाला. विधीच्या दिवशी लिंग बांधायला स्वामी येऊन पाटावर बसले, आणि महानंदा गाठोडं घेऊन दारात उभी राहिली.

"लेकरासाठी आले. तुमच्यासाठी न्हाई."

"माझ्यासाठी कोण बोलावलंय तुला? बस तिकडं. समोर बस. हात दिसू दे."

देऊळ चढू लागलं. एक तुकडा हिचा, एक तिचा. शांतम्माचा सातवा खांब डावीकडं बसला. महानंदानं आपला खांब पुढं केला.

"आठवा."

"सातवा!" शांतम्मानं तो हिसकावला आणि तसाच, आपल्या बाजूनं वाचत, खाचेवर दाबला. जाड कुसू खाचेत शिरेना. "बघा स्वामी! खोटा खांब. चोरीला आज तोंड फुटलं."

"आगं, घरातल्या घरात चोरून मी विकू कुठं? चुलीत घालू?"

"तुझा काय भरवसा!" शांतम्मानं खांब भिरकावला. तो महानंदाच्या पाठीमागं जाऊन पडला.

"आण इकडं."

"फेकला त्यानं आणावा."

बाळ रडून लाल झालं. सून स्वामींच्या तोंडाकडं बघू लागली. वेळ टळत होती. शांतम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली, देवळाला वळसा घालून जावेच्या बाजूला गेली आणि खांबासाठी वाकली. तिथून आकडा दिसला तो आठ. तिनं खांब हातात फिरवला. सात. परत फिरवला. आठ. उर्दू सात म्हणजे वर तोंड उघडलेला चिमटा. तोच उलटा धरला की आठ.

ती तिथंच, महानंदाच्या शेजारी बसली.

"सरक. जागा काय माहेरून आणलीस?"

तिकडूनच, आठ वाचत, बारीक कुसू खाली धरून तिनं खांब खाचेत सोडला. खट् आवाज झाला. मग तुळई बसली, शिखर बसलं, आणि बाळाच्या गळ्यात लिंग आलं.

विधी उरकल्यावर तुकडे पुन्हा सुटे झाले. शांतम्मानं अडकित्त्याच्या टोकानं आठाखाली एक रेघ ओढली आणि खांब महानंदापुढं टाकला.

"रेघ खाली धरायची. तुला आकडे कुठं कळतात."

"मी पहिल्यापासून आठच म्हणत होते."

"म्हणत होतीस. इकडून येऊन बघा, असं म्हणालीस का कधी?"

"तुमी आला असता?"

शांतम्मानं आपल्या गाठोड्याची गाठ करकचून आवळली.