नारायणाचं आतडं

तेल्हाऱ्याला, माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरातून फोडणीत पडलेल्या लाल मिरचीचा खमंग, घसा खवखवून टाकणारा दरवळ अंगणापर्यंत आला आणि माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याचा चेहरा पडला. बिचारा नुकताच जुलाबातून उठला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी मऊ भात आणि पातळ वरण यांपलीकडचं सारं वर्ज्य केलं होतं. पण अधिक महिना ना! या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि माझ्या आईचे तुपात तळलेले पुरणाचे धोंडे म्हणजे त्याचा नैवेद्य. नारायणाला जुलाब होतात, असं कोणत्या पुराणात लिहिलं आहे?

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आत जाऊन चुलीपाशी बसून आईला समजावू लागले: आतड्याचं अस्तर किती शहाणं असतं! त्याच्या काही पेशी बुळबुळीत लेप घालत राहतात, काही जंतुनाशक रस सोडतात, आणि मोजक्या पेशी तर आल्यागेल्या जंतूंचा नमुना अलगद उचलून आतल्या पहारेकऱ्यांना दाखवतात, की बघा, हा आपला की परका? एवढं नाजूक, एकपदरी अस्तर, आणि त्याच्यावर देहाची केवढी भिस्त! सध्या तेच सोलवटलं होतं.

आईनं सगळं मन लावून ऐकलं. "मंग तं थोडी मिरची दाखवाच लागते त्या पहारेकऱ्याइले," ती म्हणाली, "नाई तं वळखतीन कशे?" मी कपाळावर हात मारला. मग आवाज उतरवून ती म्हणाली, "जावईबापू उपाशी उठले तं तुई काकू गावभर सांगीन, बाई." तिची अब्रू आणि त्याचं पोट, दोन्ही माझीच. मला खरोखर रडू येत होतं.

पाट मांडला, ताट भरलं, काकू समोर ठाण मांडून बसली. तेवढ्यात आई जावयाच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं त्याच्याच ताटातल्या वांग्याच्या भाजीचा घास घेतला!

"अवो, नैवेद्य उष्टा केला तुमी!" काकू किंचाळली.

"तपासून राहिली मी," आई चावत म्हणाली. "हे नाई." ठेचा चाखला. "हेबी नाई." धोंड्याचा तुकडा मोडून खाल्ला, क्षणभर डोळे मिटले, आणि तोही बाजूला सारला. शेवटी वरणाचा भुरका घेऊन वाटी त्याच्यापुढे सरकवली. "हे जाऊ द्या आत."

काकू तणतणत निघून गेली. आता संध्याकाळपर्यंत सारा तेल्हारा हसणार, हे आईला ठाऊक होतं. नारायण मात्र वरणभात ओरपण्यात दंग होते. उष्टं झालेलं बाकीचं कोणाला वाढणार? म्हणून आई तिथेच, जावयासमोर, एकेक पदार्थ संपवत राहिली. तिला गरम गरम जेवताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.