गणपतीसमोरचे गमबूट

ग्राहक म्हणजे देव, असं आमच्या सफाई कंपनीच्या भिंतीवर लिहिलंय. सॉल्ट लेकमधल्या त्या काचेच्या ऑफिसात तर देव खरोखरच दारात बसला होता. हातभर उंचीचा पितळी गणपती. तुम्ही मराठी, तुम्हाला आनंद होईल, असं तिथले व्यवस्थापक म्हणाले, आणि मला झालाही. पुण्याहून कोलकात्यात बदलून आल्यावर एवढं अगत्य कुणी दाखवलं नव्हतं. मी हात जोडले. मग चहा आला, संदेश ही बंगाली मिठाई आली, आणि त्यांनी हळूच विषय काढला. सफाईवाल्यांनी गमबूट मागच्या दारात काढून ठेवावेत. पांढऱ्या फरशीवर काळे डाग पडतात, शिवाय गणपतीसमोर ते बरं दिसत नाही.

ग्राहकाच्या जागेत आमच्या माणसांना कुठे काय इजा होईल, ते पाहून फॉर्ममध्ये लिहिणं हे माझं काम. खरं तर ते आधी करायचं असतं. पण आमचं नेहमीचंच वरातीमागून घोडं, माणसं त्याच सकाळी कामाला लागलीसुद्धा होती. तोंडात संदेश असताना नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. 'पादत्राणे नकोत, ग्राहकाची इच्छा' असं लिहून मी झोकात सही ठोकली.

संडास आणि फरशा धुणारी बाई चाळिशीची, बागबाजारकडची. सगळे तिला दीदी म्हणत. निदान अ‍ॅसिड ओतताना तरी बूट घालू का, असं तिने त्याच दिवशी विचारलं होतं. सांभाळून करा, मी म्हणालो. आमच्या धंद्यात हा शब्द फार सोयीचा. तो विकत आणावा लागत नाही आणि प्रत्येकाच्या मापाचा असतो.

तीन आठवड्यांनी अ‍ॅसिडच्या बाटलीचं ढिलं बूच निघालं आणि तिचं उजवं पाऊल भाजलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. फरशीवर पडलेल्या डागाबद्दल तीव्र नाराजी होती, सोबत डागाचे तीन बाजूंनी काढलेले फोटो. पावलाचा उल्लेखच नव्हता.

पुण्याच्या साहेबांनी फोनवरच निकाल दिला. 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिही आणि मोकळा हो. तसं लिहिलं की औषधपाणी तिचं तिने करायचं, आणि नोकरीही गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी. चोर कोण ते मला पक्कं ठाऊक होतं, रोज सकाळी मी त्याचीच दाढी करतो. तरी मी साहेबांच्या मनासारखा अहवाल लिहिला आणि तिची सही घ्यायला तिच्या खोलीवर गेलो.

पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून ती बसली होती. कागदात काय आहे, तिने विचारलं. बूट का घातले नव्हते असा प्रश्न आहे, मी सांगितलं. उत्तराची ओळ मात्र बोटाने झाकून धरली. तेवढाच नीचपणा करायचा उरला होता. ती हसली.

"आप तो जूता पहन के ही प्रणाम किया था, दादा," ती म्हणाली. "हम वहीं पोंछा मार रहा था."

मी कागद फाडला. नव्यात लिहिलं की ग्राहकाने सांगितलं, मी मान्य केलं आणि बूट मीच काढायला लावले. साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पण कंपनीने तिचा दवाखाना केला, नोकरी राहिली आणि गमबूट तिच्या पायात आले.

ऑफिसने मग गणपतीच उचलून डायरेक्टरच्या केबिनमध्ये नेला. तिथे साहेबलोक चामड्याच्या बुटांत पाय पसरून बसतात. परवा पाहणीला गेलो तर केबिनच्या दाराशी दीदी गमबूट काढायला वाकलेली होती. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मी तिला तिचे राहू द्या म्हटलं आणि माझे काढले. मराठी माणसं फार भाविक, असं व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले.